प्लगइनच्या टेम्प्लेटला दृश्य संपादनाची जोड: नवशिक्यांसाठी मार्गदर्शन

पंचवटीतील यात्रीनिवास, येवल्यातील पैठणीचे विक्रेते, दिंडोरीकडचे द्राक्ष उत्पादक किंवा सातपूर-अंबडमधील लघुउद्योजक यांच्यासाठी संकेतस्थळे तयार करणाऱ्यांना एक अनुभव हमखास येतो. काम पूर्ण होऊन पैसे चुकते झाले, तरी ग्राहकाचे फोन थांबत नाहीत आणि त्यांतील बहुतेक फोन अगदी किरकोळ बदलांसाठी असतात. दर तूर्त दिसू नयेत, बटणाचा रंग बदलावा, फोटो वर न ठेवता डावीकडे घ्यावा, अशा या मागण्या असतात. काम दोन मिनिटांचे असते, पण ते प्लगइनच्या (संकेतस्थळाला जादा सोय जोडणाऱ्या कोडच्या) टेम्प्लेट फाइलमध्ये, म्हणजे मांडणीच्या साच्यात, अडकलेले असल्यामुळे ग्राहकाला ते स्वतः करता येत नाही. असे बदल पडद्यावर परिणाम पाहत, माउसने करता यावेत यासाठी वर्डप्रेसच्या प्लगइनमध्ये काय करावे लागते, ते या लेखात क्रमाने मांडले आहे. वाचकाला एचटीएमएल आणि सीएसएस येते आणि पीएचपीची तोंडओळख आहे, एवढे गृहीत धरले आहे.

उदाहरण म्हणून रामकुंडाजवळच्या एखाद्या यात्रीनिवासाचे संकेतस्थळ डोळ्यांसमोर ठेवू. त्यासाठी लिहिलेले एक छोटे प्लगइन प्रत्येक खोलीचे कार्ड दाखवते. कार्डावर खोलीचा फोटो, नाव, खाटांची संख्या, एका रात्रीचा दर, रामकुंडापर्यंत चालत लागणारा वेळ आणि ‘चौकशी करा’ हे बटण असते. २०१५ नंतरचा नाशिकचा सिंहस्थ २०२६-२७ मध्ये येत असल्यामुळे अशा ठिकाणचे दर, सूचना आणि मांडणी वारंवार बदलणार हे उघड आहे, आणि ऐन पर्वणीच्या गर्दीत प्रत्येक बदलासाठी विकासकाची वाट पाहणे कोणालाच परवडणारे नाही.

टेम्प्लेट कोठून उचलले जाते

बहुतेक जुन्या प्लगइनांत टेम्प्लेट म्हणजे पीएचपीची एक फाइल असते आणि ती पानावर आणण्यासाठी चौकटी कंसातला शॉर्टकोड, म्हणजे त्या जागी टेम्प्लेट आणणारी छोटी खूण, लिहावा लागतो. शॉर्टकोडची ही सोय वर्डप्रेसमध्ये २००८ पासून आहे. टेम्प्लेट बदलायचे असेल तर त्या फाइलची प्रत थीमच्या फोल्डरमध्ये ठेवून त्या प्रतीत बदल करतात. वर्डप्रेसचे ‘लोकेट टेम्प्लेट’ हे फंक्शन फाइल आधी चाइल्ड थीममध्ये (मूळ थीमवर आधारलेल्या, आपले बदल ठेवणाऱ्या थीममध्ये) शोधते, तेथे नसेल तर मूळ थीममध्ये शोधते. दोन्हीकडे न सापडल्यास प्लगइनमधील मूळ फाइल वापरण्याची व्यवस्था मात्र प्लगइनच्या लेखकाने स्वतः करायची असते. ऑनलाइन दुकानासाठीच्या वूकॉमर्स या प्लगइननेही हीच पद्धत वापरली आहे.

या पद्धतीत एक मोठी अडचण आहे. थीममधील प्रत एकदा केली की ती तेथेच गोठते. प्लगइनच्या पुढच्या आवृत्तीत टेम्प्लेटमधील एखादी त्रुटी किंवा सुरक्षेचा दोष दुरुस्त झाला, तरी ती दुरुस्ती या प्रतीपर्यंत पोहोचत नाही. म्हणूनच वूकॉमर्स आपल्या प्रत्येक टेम्प्लेटच्या माथ्यावर आवृत्तीचा क्रमांक लिहिते आणि थीममधील प्रत जुनी झाली असेल तर ‘सिस्टिम स्टेटस’च्या पानावर तसे कळवते. आपल्या छोट्या प्लगइनमध्येही टेम्प्लेटच्या पहिल्या टिप्पणीत आवृत्ती लिहिण्याची सवय लावून घ्यावी. फाइलची प्रत करण्याची वाट जाणकारांसाठी खुली ठेवावी, पण बटणाच्या रंगासाठी कोणाला त्या वाटेने जावे लागू नये.

आधी कागदावर: कोणता बदल कोणाचा

कोड लिहिण्यापूर्वी गेल्या काही महिन्यांत ग्राहकाने सांगितलेले सगळे बदल व्हॉट्सॲपवरून आणि ईमेलमधून उचलून एका कागदावर उतरवावेत. मग प्रत्येकासमोर एकच प्रश्न लिहावा: हा निर्णय कोणाचा? नवखा विकासक हा टप्पा गाळतो आणि टेम्प्लेटमधील दिसेल त्या गोष्टीसाठी एकेक सेटिंग तयार करत सुटतो. परिणामी चाळीस-पन्नास पर्यायांची जंत्री तयार होते आणि काउंटरवरचा व्यवस्थापक ती पाहून पुन्हा फोनच करतो. पैठणी विणून घेणारे गिऱ्हाईक रंग, काठ आणि पदरावरची नक्षी निवडते, मागावरचा ताण किती ठेवावा हे त्याला कोणी विचारत नाही. टेम्प्लेटच्या बाबतीतही अशीच विभागणी करावी लागते.

आपल्या उदाहरणात ही विभागणी साधारण अशी होईल. खोलीचे नाव, दर आणि खाटांची संख्या ही माहिती आहे. ती खोलीच्या नोंदीत राहील आणि कार्ड ती फक्त वाचून दाखवील. दर दाखवायचा की झाकायचा, फोटो वर की बाजूला, बटणावर कोणता मजकूर, हे त्या-त्या पानावरचे निर्णय आहेत आणि ते दृश्य संपादनात येतील. रंग आणि अक्षरांचे आकार संपूर्ण संकेतस्थळाच्या रंगपेटीतून यावेत, कारण प्रत्येक कार्डाला वेगळा भगवा रंग मिळाला तर पान विस्कटलेले दिसते. मथळ्याची पातळी, फोटोला दिलेला पर्यायी मजकूर, दुव्याची रचना आणि सुरक्षेची तपासणी यांना मात्र ग्राहकाचा हात लागू देऊ नये.

दर ही माहिती कार्डाच्या सेटिंगमध्ये ठेवण्याचा मोह टाळावा, हे मुद्दाम सांगावेसे वाटते. एकच खोली मुख्य पानावर, ‘खोल्या’ या पानावर आणि एखाद्या सवलतीच्या पानावर दिसत असेल आणि दर कार्डात लिहिलेला असेल, तर तिन्ही ठिकाणी तो वेगळा राहून जातो. यात्रेकरू नेमका जुन्या दराचा स्क्रीनशॉट घेऊन काउंटरवर येतो, आणि तेथे होणारा वाद संकेतस्थळाच्या रंगसंगतीपेक्षा कितीतरी महागात पडतो. खोल्यांसाठी स्वतंत्र पोस्ट प्रकार (नोंदींचा वेगळा प्रकार) नोंदवून दर त्याच्या मेटा फील्डमध्ये, म्हणजे नोंदीला जोडलेल्या माहितीच्या रकान्यात, ठेवावा.

टेम्प्लेटची साफसफाई

दृश्य संपादन जोडण्यापूर्वी मूळ टेम्प्लेट त्यासाठी योग्य करून घ्यावे लागते. फाइलच्या सुरुवातीला सगळी मूल्ये एकत्र गोळा करावीत, प्रत्येकाला मूळ मूल्य द्यावे आणि त्याखाली फक्त एचटीएमएल राहील असे पाहावे. डेटाबेसला विचारणा करणाऱ्या ओळी एचटीएमएलच्या मध्येमध्ये पेरलेल्या असतील तर त्या तेथून बाहेर काढाव्यात. पानावर छापले जाणारे प्रत्येक मूल्य त्याच्या जागेनुसार एस्केप करावे, म्हणजे त्यातील चिन्हे कोड म्हणून चालणार नाहीत असे पाहावे. मजकुरासाठी, ॲट्रिब्यूटसाठी आणि दुव्यासाठी वर्डप्रेसमध्ये वेगवेगळी फंक्शने आहेत आणि एकाच्या जागी दुसरे वापरून चालत नाही.

सीएसएसमध्ये थेट लिहिलेले रंग आणि अंतरे काढून त्यांच्या जागी व्हेरिएबल वापरावेत. कार्डाच्या पार्श्वभूमीच्या नियमात पांढरा रंग थेट लिहिण्याऐवजी ‘कार्डाची पार्श्वभूमी’ अशा अर्थाच्या नावाचे व्हेरिएबल लिहावे आणि ते दिलेले नसल्यास पांढरा वापरावा, असे पर्यायी मूल्य त्याच नियमात जोडावे. पुढे संपादनाची कोणतीही पद्धत निवडली तरी तिला फक्त हे व्हेरिएबल बदलावे लागते, सीएसएसचे नियम पुन्हा लिहावे लागत नाहीत. शॉर्टकोडही काढून टाकू नये. शॉर्टकोड आणि पुढे तयार करायचा नवा ब्लॉक (एडिटरमध्ये पानावर ठेवता येणारा तुकडा) या दोघांनीही कार्ड रंगवण्यासाठी एकच फंक्शन वापरावे, म्हणजे जुनी पाने जशीच्या तशी चालत राहतात.

कोणते दृश्य माध्यम निवडावे

वर्डप्रेसमध्ये यासाठी तीन मुख्य वाटा आहेत. २०१२ मध्ये ३.४ या आवृत्तीत आलेला कस्टमायझर (थीमचे पर्याय परिणाम पाहत बदलण्याचा पडदा) जुन्या धाटणीच्या थीमसाठी अजूनही उपयोगी आहे, पण ब्लॉक थीममध्ये त्याची नोंद मेन्यूत आपोआप दिसत नाही. एखाद्या प्लगइनने त्याचा वापर केला असेल तरच ती दिसते. दुसरी वाट ब्लॉक एडिटरची. तो डिसेंबर २०१८ मध्ये ५.० या आवृत्तीबरोबर मूळ वर्डप्रेसमध्ये आला. तिसरी वाट म्हणजे जानेवारी २०२२ च्या ५.९ आवृत्तीपासून आलेला साइट एडिटर, ज्यात संपूर्ण पानाचे टेम्प्लेटच ब्लॉकांनी रचता येते.

नव्याने सुरुवात करणाऱ्याने ब्लॉकपासून सुरुवात करावी, असे माझे मत आहे. याचे कारण तांत्रिक कमी आणि व्यवहाराचे जास्त आहे. साइट एडिटर उघडण्यासाठी थीमचे पर्याय बदलण्याचा अधिकार लागतो आणि तो साधारणपणे प्रशासकाकडेच असतो. पानावरचा ब्लॉक मात्र ‘संपादक’ भूमिकेतील व्यक्तीलाही बदलता येतो. यात्रीनिवासाच्या काउंटरवर बसणाऱ्याला प्रशासकाचा पासवर्ड देण्याची वेळ येऊ नये.

ब्लॉक प्रत्यक्ष तयार करणे

सरावासाठी सर्व्हर विकत घेण्याची गरज नाही. वर्डप्रेस प्लेग्राउंड थेट ब्राउझरमध्ये चालते. सलग काम करायचे असेल तर संगणकावर स्थानिक वर्डप्रेस बसवावे. त्याबरोबर नोड (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारे साधन) बसवून ‘क्रिएट ब्लॉक’ या अधिकृत साधनाने ब्लॉकचा सांगाडा तयार करावा आणि तो करताना ‘डायनॅमिक’ हा प्रकार निवडावा. डायनॅमिक ब्लॉकचे एचटीएमएल पानात साठवले जात नाही, पान उघडताना पीएचपी ते तयार करते. त्यामुळे टेम्प्लेट सुधारले की जुन्या सगळ्या पानांवर सुधारणा लगेच दिसते, आणि आपल्या कामाला हेच हवे आहे.

सांगाड्यातील ‘ब्लॉक डॉट जेसन’ ही फाइल म्हणजे ब्लॉकचे ओळखपत्र. त्यात तीन गोष्टींकडे नीट लक्ष द्यावे. पहिली म्हणजे ॲट्रिब्यूट, म्हणजे ब्लॉकने लक्षात ठेवायची मूल्ये: कोणती खोली, दर दाखवायचा का, बटणावरचा मजकूर काय. दुसरी म्हणजे ‘सपोर्ट्स’. यात रंग, आतले अंतर आणि अक्षरांचा आकार चालू केले की त्यांची नियंत्रणे एडिटरच्या उजव्या पट्टीत आपोआप येतात, त्यांच्यासाठी वेगळा कोड लिहावा लागत नाही. तिसरी म्हणजे ‘रेंडर’ हा निर्देश, जो ६.१ या आवृत्तीपासून चालतो. त्यात आपल्या पीएचपी फाइलचे नाव द्यायचे असते. त्या फाइलमधून मघाचे साफ केलेले टेम्प्लेट मागवावे.

येथे बहुतेक नवशिके एका ठिकाणी अडतात. एडिटरमध्ये निवडलेला रंग तेथे दिसतो, पण प्रत्यक्ष पानावर दिसत नाही. कारण एवढेच असते की पीएचपीमध्ये कार्डाच्या सर्वांत बाहेरच्या घटकाला ‘गेट ब्लॉक रॅपर ॲट्रिब्यूट्स’ या फंक्शनचे उत्तर जोडलेले नसते. सपोर्ट्सने तयार केलेले क्लास आणि शैली त्याच फंक्शनमधून येतात. रंग दिसत नसेल तर बाकी काही तपासण्याआधी ही एक ओळ पाहावी.

उजव्या पट्टीत आपली स्वतःची नियंत्रणे ठेवताना भाषा ग्राहकाची असावी. ‘शो प्राइस’ असे लिहून मोकळे होण्यापेक्षा ‘एका रात्रीचा दर दाखवा’ असे लिहावे आणि खाली एक ओळ जोडावी: ‘बंद केल्यास दराच्या जागी “दरासाठी संपर्क साधा” असे दिसेल.’ ही खालची ओळ वर्डप्रेसच्या तयार नियंत्रणांना मदतीचा मजकूर म्हणून देता येते आणि ती जेथे असते तेथे फोन कमी येतात. बटणावरचा मजकूर उजव्या पट्टीत न ठेवता थेट कार्डावरच टाइप करता येईल अशी सोय केली तर आणखी चांगले. जे बदलायचे त्यावरच क्लिक करावे, ही माणसाची स्वाभाविक सवय आहे.

मांडणीसाठी आकड्यांचे स्लायडर देऊ नयेत. ‘फोटो वर’, ‘फोटो डावीकडे’ आणि ‘फोटोशिवाय’ अशा तीन तयार शैली नोंदवाव्यात. एडिटरमध्ये त्या चित्रासह दिसतात आणि एका क्लिकवर लागू होतात. तिन्ही शैली मोबाइलच्या अरुंद पडद्यावर आपणच तपासलेल्या असतात. ग्राहकाने फोटोची रुंदी सदतीस टक्के ठेवली तर पुढे काय होईल, हा प्रश्नच उरत नाही.

मूळ मूल्यांचा सापळा

ॲट्रिब्यूटचे मूळ मूल्य ठरवताना एक गोष्ट ठाऊक असायलाच हवी. ग्राहकाने ठेवलेले मूल्य मूळ मूल्याइतकेच असेल तर ब्लॉक एडिटर ते पानात साठवत नाही. समजा, ‘दर दाखवा’चे मूळ मूल्य ‘होय’ आहे आणि ग्राहकाने वीस कार्डांवर ते तसेच राहू दिले. या वीस कार्डांत ‘होय’ असे कोठेही लिहिलेले नाही. पुढच्या अपडेटमध्ये आपण मूळ मूल्य ‘नाही’ केले, तर वीसही कार्डांवरील दर एका रात्रीत गायब होतील आणि ग्राहकाने तर कशालाही हात लावलेला नसेल. त्यामुळे प्लगइन एकदा ग्राहकाकडे गेले की मूळ मूल्ये बदलू नयेत. वेगळे वर्तन हवे असेल तर नव्या नावाचे नवे ॲट्रिब्यूट जोडावे.

देवनागरीसाठी विशेष काळजी

परदेशी नमुन्यांवरून केलेली टेम्प्लेटे मराठी मजकूर टाकताच बिघडतात आणि दृश्य संपादनात तो बिघाड ग्राहकाच्या हातून वाढू शकतो. अक्षरांमधील अंतराचा पर्याय हे त्याचे ठळक उदाहरण. रोमन मथळ्यात थोडे अंतर वाढवले तर ते शोभून दिसते. ‘त्र्यंबकेश्वर दर्शन’ या मथळ्यात तेच केले की शिरोरेघ तुटते आणि शब्द सुट्या तुकड्यांसारखा दिसू लागतो. आपल्या ब्लॉकमध्ये हा पर्याय चालू करूच नये आणि थीम आपल्या ताब्यात असेल तर ‘थीम डॉट जेसन’मध्येही तो बंद करावा. ही फाइल ५.८ या आवृत्तीपासून उपलब्ध आहे. मुक्त रंगनिवड बंद करून ठरावीक रंगपेटीच दाखवण्याची सोयही तिच्यातच आहे.

ओळींमधील अंतराचेही तसेच. रोमन मथळ्यांसाठी १.१ किंवा १.२ ही उंची पुरते, पण देवनागरीत वर वेलांटी, मात्रा आणि रफार तर खाली उकार आणि जोडाक्षरांचे पाय येतात. १.४ पासून सुरुवात करून पाहावे आणि कार्डाच्या मथळ्याला ठरावीक उंची देऊन बाहेरचा भाग कापण्याची युक्ती टाळावी, कारण तीत ‘पूर्ण’मधला ऊकार अर्धा कापला जातो. फॉन्टमध्ये मुक्ता आणि नोटो सान्स देवनागरी हे मुक्त परवान्याचे असून अनेक वजनांत मिळतात. चाचणीसाठी ‘डिलक्स’सारखे आटोपशीर नाव न घेता ‘कुटुंबासाठी वातानुकूलित खोली, संलग्न स्नानगृहासह’ असे लांबलचक नाव घ्यावे.

दराच्या आकड्यांसाठी वर्डप्रेसचे नेहमीचे संख्या-फंक्शन पुरे पडत नाही, कारण ते हजारांचेच गट करते आणि सव्वा लाखाची पैठणी 125,000 अशी छापते. पीएचपीचे ‘इंटल’ एक्स्टेंशन सर्व्हरवर असेल तर भारतातील मराठीचा भाषा-संकेत (mr_IN) देऊन त्याच्या नंबर फॉर्मॅटरकडून १,२५,००० असे देवनागरी आकडे मिळतात. ते एक्स्टेंशन नसण्याचीही शक्यता धरून पर्यायी मार्ग लिहून ठेवावा.

पुढची पायरी: टेम्प्लेटच ब्लॉकांचे

कार्डाचा ब्लॉक स्थिरावल्यावर एका खोलीच्या स्वतंत्र पानाचे टेम्प्लेटही ब्लॉकांनी रचता येते. नोव्हेंबर २०२४ मधील ६.७ आवृत्तीपासून प्लगइनला असे टेम्प्लेट ‘रजिस्टर ब्लॉक टेम्प्लेट’ या फंक्शनने नोंदवता येते. ते साइट एडिटरमध्ये दिसते आणि प्रशासकाला त्यात फेरबदल करता येतात. मथळा, परिच्छेद, चित्र आणि बटण हे नेहमीचे ब्लॉक खोलीच्या मेटा फील्डशी जोडायचे असतील तर ६.५ आवृत्तीत आलेले ब्लॉक बाइंडिंग वापरावे. त्यासाठी मेटा फील्ड नोंदवताना ते रेस्ट एपीआयमध्ये (एडिटर ज्या मार्गाने माहिती मागवतो त्यात) दिसेल असे सांगावे लागते, नाही तर एडिटरला त्याचा पत्ताच लागत नाही.

येथे एक जुनी अडचण नव्या रूपात समोर येते. साइट एडिटरमध्ये बदललेले टेम्प्लेट डेटाबेसमध्ये साठते आणि फाइलपेक्षा त्यालाच प्राधान्य मिळते, म्हणजे प्लगइनमधील सुधारित टेम्प्लेट त्या ग्राहकाला दिसत नाही. टेम्प्लेट मूळ स्थितीत आणण्याचा पर्याय साइट एडिटरमध्ये असतो, पण तो वापरला की ग्राहकाचे बदल पुसले जातात. यावर उपाय म्हणून टेम्प्लेटमध्ये कमीत कमी रचना ठेवावी आणि महत्त्वाचे सगळे डायनॅमिक ब्लॉकांच्या आत ठेवावे. ग्राहकाने ब्लॉकांचा क्रम बदलला तरी ब्लॉकच्या आतली सुधारणा त्याच्यापर्यंत पोहोचत राहते. जे भाग हलू नयेत त्यांना कुलूप लावण्याची सोय एडिटरमध्ये आहे. रचना पक्की ठेवून फक्त मजकूर बदलू देणारा कुलपाचा प्रकार अशा ठिकाणी सर्वांत उपयोगी ठरतो.

ग्राहकाकडे देण्यापूर्वी

संपादक भूमिकेचे एक चाचणी खाते उघडून सगळे बदल त्याच खात्यातून करून पाहावेत, कारण प्रशासकाच्या खात्यात सगळेच चालते. दर बंद करणे, खोली बदलणे, बटणाचा मजकूर रिकामा सोडणे आणि खोलीची नोंदच काढून टाकणे, या चारही वेळी कार्ड काय दाखवते ते पाहावे. नोंद नसेल तर पानावर काहीच दिसू नये, एडिटरमध्ये मात्र ‘ही खोली सापडली नाही, दुसरी निवडा’ असे वाक्य दिसावे. पार्श्वभूमी आणि अक्षरे यांच्या रंगांत पुरेसा फरक नसेल तर एडिटर इशारा देतो. तो इशारा कोठे दिसतो हे ग्राहकाला दाखवून ठेवावे.

त्यानंतर संगणक प्रत्यक्ष वापरणाऱ्या व्यक्तीला समोर बसवावे आणि ‘तिसऱ्या खोलीचा दर झाका’ एवढेच सांगून गप्प राहावे. हात कोठे अडखळतो, कोणत्या शब्दापाशी नजर थांबते, ते टिपून घ्यावे आणि त्या नियंत्रणाचे नाव किंवा जागा बदलावी. मालकाबरोबर ही चाचणी करून उपयोग नाही, तो सहसा काउंटरवर नसतोच. सिंहस्थाच्या काळात प्लगइनचे नवे अपडेट पर्वणीच्या आधी पुरेसे दिवस राखून द्यावे, आणि देण्यापूर्वी डेटाबेसची प्रत घ्यावी, कारण पानांतील ब्लॉक आणि साइट एडिटरमधील बदल हे दोन्ही तेथेच असतात, फक्त फाइलांची प्रत घेऊन ते परत मिळत नाहीत.